‘नाइंटी फाइव टाकू का, साहेब?’ : पेट्रोलच्या धीराची गोष्ट

मुंबईत सगळ्यात वरच्या ऑक्टेनचं इंधन मलबार हिलच्या बंगल्यांतल्या गाड्यांत जळत नाही. ते जळतं काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आणि रिक्षात. सीएनजीचं ऑक्टेन १२०च्या आसपास धरतात. पंपावर ‘हंड्रेड’ म्हणून जे महागडं पेट्रोल मिळतं तेसुद्धा त्याच्या खालीच. आणि तरी चार माणसं आणि डिकीत बॅगा भरलेली टॅक्सी केम्प्स कॉर्नरच्या पुलावर चढताना कशी कण्हते, हे मुंबईकराला सांगायला नको. ड्रायव्हर हळूच एसी बंद करतो, काचा खाली होतात, आणि मग कुठे गाडी वर येते.

ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज किती पक्का आहे ते पंपावर कळतं. गेल्या महिन्यात चेंबूरला पेट्रोल भरायला थांबलो होतो. पोराने नोझल हातात घेत विचारलं, ‘‘नाइंटी फाइव टाकू का, साहेब? पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज पण वाढतं.’’ माझी गाडी नऊ वर्षांची, साध्या १२०० सीसी इंजिनची. म्हटलं, साधंच टाक. माझ्यामागच्या स्कूटरवाल्याने मात्र नाइंटी फाइव घेतलं. ‘‘महिन्यातून एकदा गाडीला चांगलं खायला घालावं,’’ तो म्हणाला, पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी चारणाऱ्या माणसाच्या मायेने. त्याच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच्या स्कूटरला त्या जादाच्या पैशांचा काय उपयोग झाला असेल, ते बघायचं तर आधी इंजिनाच्या आत डोकवायला हवं.

सायकलच्या पंपाला चटका का बसतो

लहानपणी सायकलमध्ये हवा भरली असेल तर आठवेल. वीस-पंचवीस वेळा दांडा खालीवर केला की पंपाचा खालचा भाग हाताला चटका देतो. त्यात थोडा वाटा घर्षणाचा असतो, पण मुख्य कारण वेगळं आहे. हवा दाबली की तापते. पेट्रोल इंजिन हेच करतं, फक्त फार जोरात. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ शिरते, पिस्टन वर येतो आणि ते सगळं मिश्रण दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबतो. तेवढ्याने त्याचं तापमान तीनशे-चारशे अंशांवर जातं. मग पिस्टन अगदी माथ्यावर पोचायच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो.

इथे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्फोट येतो, कारण शाळेत तसंच सांगितलेलं असतं. पण ठीकठाक चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही. प्लगपाशी ज्योत पेटते आणि सिलिंडरभर पसरत जाते, वाळक्या गवताला एका कडेने लावलेली आग पसरावी तशी. तीन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असताना, हा सगळा खेळ दोन-तीन मिलिसेकंदांत आटोपतो, तरी ते पसरणंच असतं. दाब चढत जातो आणि पिस्टनला वरून सलग रेटा मिळतो.

भानगड होते ती कोपऱ्यातल्या मिश्रणाची. ज्योत अजून तिथवर आलेली नसते, पण मागचा जळलेला वायू फुगून त्या मिश्रणाला आणखी दाबत असतो, आणखी तापवत असतो. ज्योत येईपर्यंत त्याने धीर धरायचा असतो. धीर सुटला, तर ते कुणाची वाट न बघता आपलं आपणच, सगळंच्या सगळं एका दमात पेटतं. हा मात्र स्फोट. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. याला नॉकिंग म्हणतात. कधीमधी झालं तर इंजिन सोसतं. रोजचं झालं की पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगा धरणाऱ्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं, आणि मग मेकॅनिक ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य बोलतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलच्या या धीराचं माप. बस, एवढंच. त्या पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, ते किती स्वच्छ, गाडीला किती मानवेल, यातल्या कशाबद्दलही तो आकडा काही बोलत नाही.

मामाची घुंगरं

माझा मामा लालबागला राहायचा आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवायचा. नॉकिंग हा शब्द त्याने कधी वापरला नाही. तो म्हणायचा, ‘‘घुंगरं वाजतायत.’’ चढावर गाडीने जरा ताण घेतला की बॉनेटखालून खरंच बारीक किणकिण यायची. मग संध्याकाळी गाडी चाळीच्या तोंडाशी लावून तो डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करायचा आणि इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. हातात ना मीटर ना मशीन, सगळा कारभार कानावर. मी टॉर्च धरून उभा. ‘‘आता बघ, गप्प बसली.’’

तो नेमकं काय करत होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं. डिस्ट्रिब्युटर प्लगना ठिणगीसाठी वीज वाटतो, आणि तो फिरवून मामा ठिणगीची वेळ उशिरा करत होता. बागेतला झोपाळा आठवा. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर मनगटाला झटका बसतो. तो टोकाला पोचून परत फिरला की ढकलायचा, मग उंच जातो. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी थोडी आधीच टाकावी लागते, म्हणजे पूर्ण रेटा नेमका पिस्टन खाली निघताना मिळतो. पण ठिणगी जितकी आधी, तितका दाब आणि तापमान चढायला वाव जास्त, आणि तितकी कोपऱ्यातल्या मिश्रणाच्या धीराची परीक्षा कठीण. मामाने ठिणगी उशिरा केली की घुंगरं थांबायची. त्याची किंमत थोड्या पिकअपमध्ये मोजावी लागायची. ती तो मोजायचा, कारण पिस्टन महाग होते.

त्या पद्मिनीची आणखी एक खोड होती. किल्ली फिरवून गाडी बंद केली तरी इंजिन चार-पाच गचके खायचं आणि मगच शांत व्हायचं. सिलिंडरच्या डोक्यात साठलेला कार्बन निखाऱ्यासारखा लाल राहायचा आणि ठिणगी नसतानाही पेट्रोल पेटवायचा. हा नॉकिंगचा चुलतभाऊ म्हणा, प्रकार वेगळा. आता ते गचकेही गेले आणि पद्मिनीही गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

आकडा येतो कुठून

१९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने या मोजमापाची पट्टी बसवली. त्याने दोन द्रव्यं निवडली. एक नॉर्मल हेप्टेन : सात कार्बन एका सरळ ओळीत. अशा लांब सरळ साखळीवर गरम ऑक्सिजनने हल्ला केला की ती पटकन तुटते आणि पेट घेते, म्हणजे धीर अगदीच कमी. त्याला शून्य दिला. दुसरं आयसो-ऑक्टेन : आठ कार्बन, पण फांद्या फुटून एकमेकांना बिलगून बसलेले. ते दाद देत नाही. त्याला शंभर. आता कुठलंही पेट्रोल घ्या, एका खास चाचणी-इंजिनात जाळा, आणि ते या दोघांच्या कुठल्या मिश्रणाइतकं टिकतं ते बघा. ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्याइतकं टिकलं तर ऑक्टेन ९१.

याचा अर्थ तुमच्या टाकीत ९१ टक्के आयसो-ऑक्टेन असतं असा नाही. पेट्रोल ही शेकडो हायड्रोकार्बनांची भेळ आहे. तिची तिखट-गोड चव या दोन चटण्यांच्या तुलनेत सांगायची, इतकंच. आणि ज्यांचा धीर आयसो-ऑक्टेनपेक्षाही मोठा, त्यांना शंभराच्या वर गुण मिळतात. सीएनजीचे १२० असे येतात.

चाचणीचं इंजिन बघण्यासारखं असतं. एकच सिलिंडर, आणि चालू असतानाच त्याचं डोकं खालीवर करून मिश्रण कमीजास्त दाबता येतं. या इंजिनावर दोन रीतींनी परीक्षा होते. ६०० आरपीएमला, सौम्य परिस्थितीत घेतली तर तो आकडा रॉन. ९०० आरपीएमला, आत जाणारं मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून घेतली तर तो मॉन. मॉन कडक परीक्षा, त्यामुळे तिचे गुण सहसा आठ-दहाने कमी. भारतात पंपावर आणि जाहिरातीत जो आकडा दिसतो तो रॉन.

हे एवढ्यासाठी सांगितलं की दर दिवाळीला न्यू जर्सीहून येणारा कुणीतरी ‘आमच्याकडे तर ८७च असतं, तुमचं पेट्रोल चांगलं आहे’ असं म्हणतोच. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉनची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे आपल्या हिशेबात ९१-९२. कौतुक ऐकून घ्यावं, पण फरक मुख्यतः मोजण्याच्या रीतीचा आहे.

धीर वाढवायचा स्वस्त उपाय १९२१ साली टॉमस मिजली याला सापडला होता : पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घालायचं. उपाय नामी होता आणि विषारी होता. पुढची कित्येक दशकं जगभरच्या शहरांतल्या मुलांच्या रक्तात ते शिसं गेलं. भारतात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते २०२१ पर्यंत विकलं जात होतं.

मग पिकअप कशाने वाढतो

पिकअप वाढतो मिश्रण जास्त दाबल्याने. जेवढं जास्त दाबाल तेवढं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. कागदावरच्या आदर्श इंजिनात मिश्रण आठपट दाबलं तर उष्णतेच्या साधारण ५६ टक्क्यांचं काम होतं, बारापट दाबलं तर ६३ टक्क्यांचं. खऱ्या इंजिनात गळती आणि घर्षण जाऊन आकडे बरेच खाली येतात, पण चढती भाजणी तीच राहते. म्हणून इंजिन बनवणाऱ्यांचा जीव जास्त दाबण्यात अडकलेला असतो, आणि तिथे त्यांच्या आड येतं नॉकिंग. वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल मिळणार अशी खात्री असेल तर जास्त दाबणारं इंजिन बनवता येतं. ऑक्टेन आणि ताकद यांचं नातं हे असं, इंजिनाच्या मार्फत. इंजिन आधी तसं बनलेलं हवं.

दाराचं उदाहरण घ्या. सहा फुटी दारातून साडेपाच फुटी माणूस आरामात जातो. दार आठ फुटी केलं म्हणून तो उंच होत नाही. पण साडेसहा फुटी माणसाला सहा फुटी दारातून वाकूनच जावं लागतं, आणि त्याच्यासाठी दार उंच केलं की तो ताठ चालू लागतो. ऑक्टेन म्हणजे दाराची उंची. तुमचं इंजिन किती उंच, ते आधी बघा.

हे वाकणं आजच्या गाडीत कसं होतं, ती गंमत आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक छोटा गोल नॉक सेन्सर असतो. घरातल्या गॅसच्या लायटरमध्ये असतो त्याच जातीचा पदार्थ त्याच्या पोटात असतो, दाबला की वीज देणारा. लायटर दाबून आपण ठिणगी काढतो. इथे इंजिनाची थरथर त्याला दाबते. नॉकिंगची किणकिण सेकंदाला सहा-सात हजार कंपनांच्या आसपास असते. तेवढी ऐकू आली की संगणक ठिणगी इंजिनाच्या फेरीच्या एक-दोन अंशांनी उशिरा करतो, मग हळूहळू परत पुढे आणून बघतो. म्हणजे मामा चाळीच्या तोंडाशी महिन्यातून एकदा जे करायचा, ते हा दर सेकंदाला करतो. आपल्याला घुंगरं ऐकू येतच नाहीत. आपल्याला फक्त जाणवतं की आज गाडी जरा ओढत नाहीये.

आता हिशेब लावा. ज्या इंजिनाला ९५ हवं, त्याला ९१, म्हणजे परवापरवापर्यंतचं साधं पेट्रोल, घातलं तर संगणक ठिणगी मागे घेतो. पिकअप कमी, पेट्रोल जास्त. तिथे ९५ घालणं म्हणजे हक्काचं परत मिळवणं. ज्याचं ९१वर छान भागतं, त्याला १०० घातलं तर संगणकाकडे पुढे सरकायला जागाच नसते. ठिणगी उत्तम वेळेवर आधीच आलेली असते, त्याहून आधी टाकली तर झोपाळ्यासारखा उलटा झटका. जादाचा धीर नुसता जळून सायलेन्सरमधून जातो. स्कूटरवाल्याची पुरणपोळी गेली ती इथे.

फरक पडतो तो मुख्यतः टर्बोवाल्यांना. टर्बो म्हणजे हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये कोंबणारा पंखा, म्हणजे धीराची दुहेरी परीक्षा. हल्ली एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो इंजिनं गल्लोगल्ली दिसतात. त्यांतल्या काहींना ९५ दिलं की एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर फरक जाणवतो. पण पूर्ण दाबल्यावरच. सायन-पनवेल हायवेला पुढच्या टेम्पोच्या मागे दहाच्या स्पीडने सरकताना कुठलंच इंजिन नॉकिंगच्या जवळपासही नसतं, तिथे शंभर आणि एक्क्याण्णव सारखेच. परदेशी महागड्या गाड्यांचं म्हणाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला कागद वाचा. ९५ लिहिलं असेल तर ९५ घाला. तो कागद पंपावरच्या पोरापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त जाणतो.

समजा साधं १०० रुपयांना आणि वरचं १०८ला आहे. पैसे वसूल व्हायचे तर लिटरला १५ देणाऱ्या गाडीने १६.२ द्यायला हवेत, आणि तेही दर टाकीला. ‘हंड्रेड’ दीडपट दराने घेतलं तर १५च्या जागी साडेबावीस. एवढं अ‍ॅव्हरेज फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमध्ये मिळतं.

जाता जाता : महाग पेट्रोल म्हणजे वरचं ऑक्टेन असंही नेहमी नसतं. काही पेट्रोलांत जादाचे पैसे इंजेक्टर साफ ठेवणाऱ्या रसायनांचे असतात, ऑक्टेन साध्याएवढंच. ती रसायनं खोटी नाहीत. मात्र ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे ते हवा आत घेणाऱ्या झडपेला, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हला, शिवतच नाही, त्यामुळे त्या व्हॉल्व्हवरचा मळ या रसायनांनी निघत नाही. पंपावर आकडा विचारा, नाव नको.

ऊस टाकीत आला

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला एक नवं वळण लागलंय, आणि त्याचा उगम कोल्हापूर-सांगलीच्या फडात आहे. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ऊस, मका, तांदूळ यांच्यापासून बनवलेलं. इथेनॉलचा धीर दांडगा : पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकड्यांनुसार इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आणि ज्यात ते मिसळतात त्या मूळ पेट्रोलचं ८४.४. या दोघांचं सरळ गणित केलं तर मिश्रणाचे ८९ येतात. प्रत्यक्षात मंत्रालय ९५ सांगतं. यात हातचलाखी नाही. इथेनॉल थोडं घातलं की ते आपल्या वाट्यापेक्षा जास्त काम करतं, हिंगासारखं. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीचपट उष्णता लागते, ती ते आजूबाजूच्या हवेतून शोषून घेतं आणि आत जाणारं मिश्रण गार पडतं. गार मिश्रणाला धीर धरणं सोपं.

म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जादा पैसे मोजायचो, त्या आकड्याच्या आसपास साधं पेट्रोलच आलं. मग लोक अ‍ॅव्हरेज पडल्याची बोंब का मारतायत? कारण धीर आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गेली. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली होती. या पेट्रोलसाठी मुद्दाम घडवलेलं इंजिन वरच्या ऑक्टेनचा फायदा उठवून, जास्त दाबून, त्यातलं बरंचसं भरून काढू शकतं. माझी नऊ वर्षांची गाडी नाही काढू शकत. ऑक्टेन वाढलं आणि अ‍ॅव्हरेज घटलं, एकाच टाकीत. पंपावरच्या पोराचं वाक्य यापुढे टिकणं अवघड आहे.

आता सुरुवातीच्या टॅक्सीचं कोडंही सुटतं. सीएनजी वायूरूप असल्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाची नऊ-दहा टक्के जागा तोच खातो, आणि तेवढी हवा कमी येते. पेट्रोलची वाफ दोन टक्क्यांत भागवते. पेट्रोलच्या वाफेने मिळणारा गारवाही इथे नाही. आणि एवढा १२०चा धीर वापरायला जेवढं दाबावं लागेल तेवढं ते इंजिन दाबतच नाही, कारण ते बनलंय पेट्रोलसाठी. आठ फुटी दार आणि साडेपाच फुटी माणूस, वर त्याच्या खांद्यावर पोतं. केम्प्स कॉर्नरला एसी बंद होणारच.

भेसळीचं मात्र उलटं. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी खाली. रेशनचं रॉकेल स्वस्त होतं तेव्हा ते पेट्रोल-डिझेलमध्ये घालण्याचा मोठा धंदा चालायचा. या धंद्यातल्या टोळीने २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. मामा एका ठरावीक पंपाशिवाय कुठे पेट्रोल भरायचा नाही. दुसरीकडे भरलं की घुंगरं दुसऱ्याच दिवशी वाजायची, आणि त्याला प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज नसायची.

मुंबईची हवा या बाबतीत थोडी विचित्र आहे. समुद्रसपाटीला हवा दाट, म्हणून सिलिंडर गच्च भरतो आणि नॉकिंगची शक्यता वाढते. उंचावरच्या विरळ हवेत कमी ऑक्टेनवर भागतं. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत तर त्यांच्या मापाने ८५चं पेट्रोल विकतात. मे महिन्याच्या उकाड्यात आत येणारी हवा आधीच तापलेली, म्हणजे आणखी ताण. पण दमट हवा नॉकिंगला आवर घालते. ज्या घामटपणाने आपला जीव जातो, तो इंजिनाला बरा वाटतो. म्हणून पावसाळ्यात गाडी मऊ पळते असं काही जण म्हणतात, त्यात तथ्य असू शकतं.

डिझेलवाल्यांनी हा सगळा लेख उलटा वाचावा. त्यांच्याकडे स्पार्क प्लग नाही, इंधनाने दाबाखाली आपणहून पेटणं हीच अपेक्षा. तिथे सीटेन नावाचा वेगळा आकडा असतो आणि तो अधीरपणा मोजतो. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल पडलं तर किल्लीला हातही लावू नका, टाकी रिकामी करून घ्या. पेट्रोलच्या गाडीत हवं त्यापेक्षा खालच्या ऑक्टेनचं पेट्रोल पडलं तर एवढं घाबरायचं कारण नाही. अर्धी टाकी झाली की वरून वरचं भरा, मिश्रणाचं ऑक्टेन साधारण मधे येतं. तोवर जरा सबुरीने चालवा.

आणि चालवण्याबद्दलच. नॉकिंगला सगळ्यात पोषक परिस्थिती कुठली? कमी आरपीएम आणि एक्सलेटर खाली दाबलेला. इंजिन हळू फिरतंय, म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणाला दाबाखाली ताटकळत बसायला वेळ जास्त, आणि वरून भार पूर्ण. आपण हे रोज करतो. वरच्या गिअरमध्ये रेटत राहतो, पेट्रोल वाचेल म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मामाला घेऊन लोणावळ्याला निघालो होतो. टॅक्सी सोडून त्याला बरीच वर्षं झालेली. एक्स्प्रेस-वेला अपघात, म्हणून जुन्या हायवेने बोरघाट धरला. गाडीत पाच माणसं, एसी चालू, मी चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम पंधराशेच्याही खाली आणि पाय जमिनीला टेकलेला. गाडी चढत होती, पण कुरकुरत. मी म्हटलं, आता पुढच्या वेळी नाइंटी फाइव भरूनच बघतो. मामाने काच अर्धी खाली केली, कान बाहेर काढला आणि नुसता हाताने इशारा केला. मी लक्ष दिलं नाही.

‘‘अरे, तिसरा टाक की.’’

टाकला. सुई दोन हजारापाशी गेली, गाडी मोकळी झाली. मामाने काच वर केली आणि पुढे खोपोलीच्या वड्यांबद्दल बोलू लागला.